टर्मिनलवरून ध्वनिरूपांतर आणि वेव्हफॉर्म: व्याख्यान, मैफल, ढोल-ताशा

पुण्यात ज्या संस्थेकडे सभागृह आहे तिच्या कपाटात रेकॉर्डिंगनी भरलेली एखादी हार्ड डिस्क सापडतेच. वसंत व्याख्यानमाला इथे १८७५ साली सुरू झाली. बोलणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना या शहरात कधीच तोटा नव्हता. तोटा आहे तो नीट लावून ठेवणाऱ्यांचा. त्या डिस्कवर व्याख्यानं असतात, मैफली असतात, आणि गणपतीच्या मिरवणुकीत कुणीतरी मोबाइल उंच धरून घेतलेले ढोल-ताशेही असतात. नावं कशीही, फॉरमॅट कुठलाही.

काम साधारण असं: मूळ फाइलला धक्का न लावता जपून ठेवायची एक प्रत करायची, संकेतस्थळावर चढेल अशी एक हलकी प्रत करायची, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगचं वेव्हफॉर्म-चित्र, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराचा आलेख, काढायचं. फायली दहा असतील तर ऑडॅसिटी हा आवाज-संपादनाचा प्रोग्राम उघडून बसा, काही बिघडत नाही. तीनशे असतील तर टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करवून घेण्याला, पर्याय नाही. वेव्हफॉर्म म्हणजे प्लेअरखालची नक्षी, असा एक समज आहे; तिचा खरा उपयोग तपासणीला आहे. तीनशे फायली कुणी ऐकून तपासत नाही, पण तीनशे चित्रं एका बैठकीत डोळ्यांखालून जातात, आणि रेकॉर्डिंगमधले मोठे घोळ तिथेच पकडले जातात. म्हणून खालच्या क्रमात चित्र आधी आहे आणि रूपांतर नंतर.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा; ‘४४१००’ हा टर्मिनलच्या लेखी आकडाच नव्हे. फायलींची नावं मात्र, शेवटचं एक्स्टेन्शन सोडून, देवनागरीत खुशाल ठेवा. त्याची पथ्यं पुढे येतील.

कोण काय करतं

एफएफएमपेग जवळजवळ काहीही उघडतं आणि जवळजवळ कशातही बांधून देतं. सॉक्स आवाजावर काम करतं: चॅनेल निवडणं, घरघर कापणं, पातळी मोजणं. ऑडिओवेव्हफॉर्म हे बीबीसीचं साधन आवाजातून वेव्हफॉर्मचा डेटा आणि चित्र काढतं. इमेजमॅजिक शेवटी चित्रावर हात फिरवतं. उबंटूवर पहिलं, दुसरं आणि चौथं एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने थेट येतं. ऑडिओवेव्हफॉर्मची तयार पॅकेजं बीबीसीच्या गिटहब पानावर मिळतात, मॅकवर त्याच कामाचं होमब्रू आहे, आणि विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घेतलं तर उरलेला मजकूर जसाच्या तसा लागू पडतो.

सॉक्स बसवताना ‘लिबसॉक्स-एफएमटी-ऑल’ हे पॅकेजही घ्या. नाहीतर पहिल्याच एमपीथ्रीला ‘नो हँडलर’ अशी तक्रार येते आणि फाइल खराब आहे असं वाटून माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. एम४ए तर सॉक्स कुठल्याच पॅकेजने उघडत नाही. मूळ सॉक्सची शेवटची अधिकृत आवृत्ती १४.४.२ ही २०१५ सालची आहे, तेव्हा नव्या फॉरमॅटची अपेक्षा तिच्याकडून करू नका. त्यासाठी पुढे एफएफएमपेग आणि मागे सॉक्स अशी जोडी लावायची.

फाइल ओळखा, मग हात लावा

पहिली आज्ञा नेहमी ही (एफएफप्रोब हे एफएफएमपेगसोबतच येतं):

एफएफप्रोब -हाइड_बॅनर व्याख्यान.वेव्ह

तिच्या उत्तरात चार गोष्टी पाहा: कोडेक (आवाज कुठल्या पद्धतीने साठवला आहे), सँपल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं, म्हणजे सँपल, घेतली आहेत), चॅनेल किती, आणि कालावधी. सीडीवरून आलेलं ४४१०० हर्ट्झ असतं, व्हिडिओ कॅमेऱ्यातून आलेलं बहुतेक ४८०००. चांगल्या स्थितीतलं रेकॉर्डिंग एका रेटवरून दुसऱ्यावर उगाच नेऊ नका, काही मिळत नाही.

कालावधी विचित्र दिसला, म्हणजे रात्रभराची मैफल चाळीस मिनिटांची दिसली, तर बहुधा वेव्हची मर्यादा आडवी आली आहे. वेव्ह फाइलच्या शीर्षात लांबी ३२ बिटांत लिहिलेली असते, त्यामुळे ४ जीबीच्या वर ती मोजताच येत नाही. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ या हिशेबाने सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात आणि मर्यादा सुमारे पावणेसात तासांवर येते. ४८००० हर्ट्झ आणि २४ बिट घेतलं तर चार तास आठ मिनिटांतच भरते. रात्रभराच्या मैफलीला हे हमखास नडतं. एफएफएमपेगकडून मोठी वेव्ह लिहून घेताना ‘-आरएफ६४ ऑटो’ जोडा, किंवा सरळ फ्लॅकमध्ये जा:

एफएफएमपेग -आय मूळ.वेव्ह -सी:ए फ्लॅक मूळ.फ्लॅक

फ्लॅकमध्ये आवाजाचा एक कणही हरवत नाही आणि जागा बरीच वाचते. अपवाद एकच: हल्लीचे काही रेकॉर्डर ३२-बिट फ्लोटमध्ये लिहितात, त्यात आवाज शून्य डेसिबलच्या वरही जाऊ शकतो. फ्लॅकमध्ये जाताना शून्याच्या वरचं सगळं कापलं जातं. अशा फाइलची पातळी आधी खाली आणा, मग फ्लॅक करा.

चित्र

पटकन तपासायचं चित्र एफएफएमपेग एकटंच काढतं:

एफएफएमपेग -व्ही एरर -आय मूळ.फ्लॅक -फिल्टर_कॉम्प्लेक्स "शोवेव्हजपिक=एस=१२००एक्स२४०:स्प्लिट_चॅनेल्स=१:फिल्टर=पीक:कलर्स=मरून|टील" -फ्रेम्स:व्ही १ चित्र.पीएनजी

अवतरणचिन्हं विसरलात तर मरूननंतरची उभी रेघ शेलला (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामला) पाइप, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर पुढच्या आज्ञेला देण्याची खूण, वाटते आणि ते ‘टील’ नावाचा प्रोग्राम शोधायला निघतं. ‘कलर्स’चं स्पेलिंग अमेरिकन आहे, त्यात यू नाही.

‘फिल्टर=पीक’, म्हणजे सगळ्यात उंच टोक घे, हे मुद्दाम घातलं आहे. ते दिलं नाही तर एफएफएमपेग प्रत्येक उभ्या रेघेत सरासरी घेतं. चाळीस मिनिटांच्या मिरवणुकीचं १२०० पिक्सेलांत चित्र काढलं की एका पिक्सेलच्या वाट्याला दोन सेकंद येतात, म्हणजे ८८,२०० सँपल. ताशाची काडी पडते त्या क्षणाचा टोकदार फटका सरासरीत विरघळून जातो आणि फाटलेलं रेकॉर्डिंगही सभ्य दिसतं. एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्यांत हा पर्याय नाही. आज्ञेने ‘ऑप्शन नॉट फाउंड’ म्हटलं तर आधी आवृत्ती वाढवा.

‘स्प्लिट_चॅनेल्स=१’सुद्धा तपासणीसाठीच आहे. दोन्ही चॅनेल एकावर एक काढले की डावा रिकामा असला तरी कळत नाही.

शोवेव्हजपिकचं पीएनजी पारदर्शक पार्श्वभूमीचं असतं. पांढऱ्या पानावर ठीक, पण डार्क मोडमध्ये गडद रंगाचा आलेख काळ्यात काळा होऊन जातो. बाहेर पाठवायच्या चित्राला पांढरा कागद लावून द्या:

मॅजिक चित्र.पीएनजी -बॅकग्राउंड व्हाइट -फ्लॅटन पक्कं.पीएनजी

इमेजमॅजिकची सहावी आवृत्ती असेल तर ‘मॅजिक’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहा.

चित्रात काय बघायचं

एक चॅनेल सपाट रेघ. माइक डाव्या बाजूलाच लावलेला होता. अशा फाइलचा मोनो करताना दोन्ही चॅनेल मिसळू नका. शांततेशी सरासरी होऊन आवाज ६ डेसिबलने खाली येतो. सॉक्समध्ये ‘रिमिक्स १’ म्हणजे फक्त पहिला चॅनेल घ्या.

दोन्ही चॅनेल भरलेले, अगदी आरशातल्यासारखे सारखे, आणि तरी लोक म्हणतात, ‘मोबाइलवर भाषण ऐकूच येत नाही.’ सभागृहाच्या मिक्सरमधून बॅलन्स्ड केबल थेट रेकॉर्डरच्या स्टीरिओ मिनी-जॅकमध्ये घुसवली की हे होतं. एकच आवाज डावीकडे सुलटा आणि उजवीकडे उलटा नोंदला जातो. हेडफोनवर तो जरा पोकळ, डोक्याच्या आसपास कुठेतरी तरंगल्यासारखा लागतो, पण लागतो. फोनच्या एका स्पीकरवर दोन्ही चॅनेल एकत्र येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. खात्री करायला:

सॉक्स मूळ.फ्लॅक -एन रिमिक्स - स्टॅट्स

‘आरएमएस लेव्ह’ची, म्हणजे सरासरी पातळीची, ओळ बघा. मिसळल्यावर ती एकट्या चॅनेलच्या मानाने तीस-चाळीस डेसिबल कोसळली तर निदान पक्कं. उपाय तोच, ‘रिमिक्स १’. किंवा ‘रिमिक्स १,२आय’. त्यातला आय दुसरा चॅनेल उलटा करून घेतो आणि दोन्ही बाजू कामी येतात. हा घोळ डोळ्याला दिसतो तो फक्त मोनो चित्रात, स्टीरिओ चित्रात नाही. म्हणून व्याख्यानांचं दुसरं, मोनो चित्रही काढावं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. भरगच्च स्टीरिओ आणि रोडकं मोनो अशी जोडी दिसली की त्या फाइलला बाजूला काढा.

मधोमध एकच भाला वर गेलेला आणि बाकी सगळं बुटकं. कुणीतरी माइकला हात लावला, किंवा पाहुण्यांनी तो टेबलावर आपटला. अशा फाइलला ‘पीकपर्यंत वाढव’ सांगून उपयोग नाही. पीक त्या आपटण्याचा आहे, वक्त्याचा नाही. तेवढं अर्धं सेकंद आधी खाली घ्या.

दर फटक्यानंतर खोल दरी, मग हळूहळू चढ, मग पुन्हा दरी. हा मोबाइलचा आपोआप आवाज सांभाळणारा भाग. ढोलाचा ठोका पडला की फोन घाबरून पातळी खाली ओढतो आणि सावकाश सोडतो. नंतर कितीही प्रोसेसिंग केलं तरी हे जात नाही. पुढच्या वर्षी रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये ऑटो गेन बंद ठेवायचा, एवढंच.

आणि शेवटी सपाट माथे, म्हणजे क्लिपिंग. पूर्ण मिरवणुकीच्या चित्रात ते नुसता काठोकाठ भरलेला ठोकळा म्हणून दिसतं, त्यावरून काही ठरवू नका; मोठा आवाज आणि फाटलेला आवाज या चित्रात सारखेच दिसतात. जवळ जा. ‘-आय’च्या आधी ‘-एसएस ६०० -टी ०.०५’ घाला, म्हणजे दहाव्या मिनिटापासूनच्या पन्नास मिलिसेकंदांचं चित्र मिळेल. आता २२०५ सँपल १२०० पिक्सेलांत पसरतात आणि लाट खरोखर लाट दिसते. ढोलाची लाट लांब, गोल पाठीची. तिच्यावर ताशाचे काटे. क्लिपिंग असेल तर गोल पाठीच्या जागी वर आणि खाली सुरीने कापल्यासारखी आडवी कड दिसते, आणि त्या कडेवर ताशाचे काटे नसतातच.

आकड्यात हवं असेल तर सॉक्सच्या स्टॅट्समध्ये ‘पीक लेव्ह’, ‘फ्लॅट फॅक्टर’ आणि ‘पीक काउंट’ या तीन ओळी आहेत. फ्लॅट फॅक्टर शून्याच्या वर आणि पीक काउंट मोठा, तर माथे कापलेले आहेत. मात्र फोनने एम४ए करून दिलेल्या फाइलवर या आकड्यांवर विसंबू नका. फाइल दाबताना सपाट कड किंचित खडबडीत होते, दोन सँपल तंतोतंत सारखे राहत नाहीत, आणि फ्लॅट फॅक्टर निर्लज्जपणे शून्य दाखवतो. तिथे पन्नास मिलिसेकंदांचं चित्रच खरं. एफएफएमपेगमध्ये ‘एडीक्लिप’ नावाचा फिल्टर आहे; व्याख्यानातल्या चार-दोन शब्दांना तो बरा पडतो, पन्नास ढोलांपुढे त्याचं काही चालत नाही.

आणखी एक तपासणी, संशय आला तरच. कुणी वेव्ह दिली म्हणजे ती मुळात वेव्हच होती असं नसतं.

सॉक्स मूळ.वेव्ह -एन स्पेक्ट्रोग्राम -ओ वर्णपट.पीएनजी

वर सोळा-सतरा किलोहर्ट्झच्या आसपास पट्टी मारून कापल्यासारखी कड दिसली तर ती १२८ केबीपीएसची एमपीथ्री वेव्हच्या डब्यात भरलेली आहे. खाली ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत आडव्या रेघा दिसल्या तर सभागृहाच्या विजेची घरघर.

मैफलीचं चित्र फसवतं

व्याख्यानातले विराम चित्रात शून्यापर्यंत येतात. मैफलीत तंबोरा थांबत नाही, त्यामुळे आलेख कधीच मिटत नाही. मधे कायम एक पट्टा राहतो. ‘सायलेन्सडिटेक्ट’ फिल्टर उणे ५० डेसिबलला लावून राग वेगळे करायचा प्रयत्न फसतो तो यामुळे. दोन बंदिशींची सीमा शोधायची तर शांतता शोधू नका, टाळ्या शोधा: तानांचं टोकदार रान संपतं आणि लगेच एकसारख्या जाडीचा, कडा न चमकणारा छोटा ठोकळा येतो.

तीन तास १२०० पिक्सेलांत म्हणजे पिक्सेलला ९ सेकंद. विलंबित एकतालाचं पाऊण-एक मिनिटाचं आवर्तन पाच-सात पिक्सेलांत उरकतं. सुरुवातीची आलापी तर रेघेसारखी दिसते आणि पाहणाऱ्याला वाटतं, पहिला अर्धा तास रिकामा आहे. शोवेव्हजपिकला ‘स्केल=एसक्यूआरटी’ द्या; हळू आवाज वर येतो आणि चढ-उतारही शिल्लक राहतो. ‘स्केल=लॉग’ इथे नको. त्यात तंबोरा आणि तान जवळजवळ एकाच उंचीचे होतात.

संकेतस्थळासाठी डेटा

प्लेअरच्या खाली फिरता वेव्हफॉर्म हवा असेल तर चित्र पुरत नाही, डेटा लागतो. ऑडिओवेव्हफॉर्म वेव्ह, एमपीथ्री, फ्लॅक, ऑग आणि ओपस वाचतं. एम४ए वाचत नाही. म्हणून पाइप:

एफएफएमपेग -व्ही एरर -आय मूळ.एम४ए -एफ वेव्ह - | ऑडिओवेव्हफॉर्म --इनपुट-फॉरमॅट वेव्ह --आउटपुट-फॉरमॅट डॅट -झेड २५६ -बी ८ > मूळ.डॅट

‘-झेड २५६’ म्हणजे दर २५६ सँपलला एक बिंदू; ‘-बी ८’ म्हणजे प्रत्येक बिंदूचं किमान आणि कमाल एकेका बाइटात. एका तासाच्या ४४१०० हर्ट्झच्या फाइलला ६,२०,००० च्या आसपास बिंदू होतात, म्हणजे साधारण सव्वा एमबी. ‘-बी’ सांगितलं नाही तर १६ बिट गृहीत धरले जातात आणि फाइल दुप्पट होते. डोळ्याला फरक शून्य.

याच डॅटमधून हव्या त्या मापाचं चित्र पुन्हा काढता येतं, मूळ आवाज परत उघडावा लागत नाही. झेड किती द्यायचा, याचा हिशेब असा: सेकंद गुणिले सँपल रेट भागिले रुंदी. तासाभराचं व्याख्यान १२०० पिक्सेलांत बसवायचं तर ३६०० × ४४१०० ÷ १२०० = १,३२,३००.

ऑडिओवेव्हफॉर्म -आय मूळ.डॅट -ओ चित्र.पीएनजी -झेड १३२३०० -डब्ल्यू १२०० -एच २४० --नो-ॲक्सिस-लेबल्स

हे साधन स्वतःहून चॅनेल मिसळून मोनो करतं. उलट्या चॅनेलची फाइल इथे आली की चित्र जवळजवळ कोरं निघतं. दोष साधनाचा नाही. ‘--ॲम्प्लिट्यूड-स्केल ऑटो’ हा पर्याय टाळा. तो प्रत्येक चित्र ताणून पूर्ण उंचीचं करतो, त्यामुळे कुजबुज आणि ढोलपथक शेजारीशेजारी सारखेच दिसतात.

डेटा नेहमी फ्लॅक किंवा वेव्हवरून काढा, हलक्या प्रतीवरून नको. आणि वेव्हफॉर्मसोबत वाजणारी एमपीथ्री स्थिर बिटरेटचीच (दर सेकंदाला सारखेच बिट वापरणारी) ठेवा. बदलत्या बिटरेटच्या लांब फाइलमध्ये मधेच उडी मारली की ब्राउझर वेळेचा अंदाज बांधतो, तो चुकतो, आणि दर्शकरेघ टाळ्यांवर असताना कानावर तान येते.

हलकी प्रत

व्याख्यानाला मोनो ६४ केबीपीएस पुरे, तासाला २८.८ एमबी. मैफलीला आणि ढोल-ताशाला स्टीरिओ १९२, तासाला ८६.४ एमबी. तुलनेला, सीडी दर्जाची वेव्ह तासाला ६३५ एमबी घेते. व्याख्यानाची पूर्ण साखळी:

एफएफएमपेग -व्ही एरर -आय मूळ.एम४ए -एफ सॉक्स - | सॉक्स -टी सॉक्स - -टी सॉक्स - रिमिक्स १ हायपास ८० गेन -एन -१ | एफएफएमपेग -व्ही एरर -एफ सॉक्स -आय - -सी:ए लिबएमपीथ्रीलेम -बी:ए ६४के प्रत.एमपीथ्री

पाइपमधून वेव्ह न पाठवता सॉक्सचा स्वतःचा फॉरमॅट पाठवला आहे. वेव्हच्या शीर्षात लांबी आधी लिहावी लागते, आणि पाइपमध्ये मागे जाऊन ती दुरुस्त करता येत नाही. मग सॉक्स दर फाइलला लांबी चुकीची असल्याचं रडगाणं गातं. सॉक्स फॉरमॅटला लांबी माहीत नसलेली चालते.

हायपास ८० हा फक्त बोलण्यासाठी. पंख्याची घरघर, मंचावरचे पावलांचे आवाज आणि ५० हर्ट्झचा बराचसा भाग तो घेऊन जातो. मैफलीला लावलात तर डग्ग्याचा घुमार जातो. ढोलाला लावलात तर मिरवणुकीत नुसते ताशे उरतात.

‘गेन -एन -१’ सगळ्यात मोठा आवाज उणे १ डेसिबलवर नेतं. त्यासाठी सॉक्सला आधी पूर्ण फाइल पाहावी लागते, आणि पाइपमधलं मागे फिरून पाहता येत नाही म्हणून ते सगळं तात्पुरत्या फाइलमध्ये साठवतं, तेही ३२ बिटांत. तीन तासांचा मोनो म्हणजे सुमारे १.९ जीबी. टेंप फोल्डर लहान असेल तर साखळी मधेच तुटते. ‘सॉक्स --टेंप’ देऊन मोठ्या डिस्कवरचं फोल्डर दाखवा.

वेगवेगळ्या वक्त्यांचा आवाज एका पातळीवर आणायला एफएफएमपेगचा ‘लाउडनॉर्म’ चांगला: ‘लाउडनॉर्म=आय=-१६:टीपी=-१.५:एलआरए=११’. त्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा. नेहमीच्या एका फेरीच्या पद्धतीत तो आतून १,९२,००० हर्ट्झवर जातो आणि तुम्ही ‘-एआर ४४१००’ सांगितलं नाही तर वेव्ह किंवा फ्लॅक त्याच रेटची बाहेर काढतो. फाइल चौपटीने फुगते. मैफलीला लाउडनॉर्मचा हा प्रकार लावूच नका. गायक थांबला की तो तंबोरा वर ओढतो, तान आली की खाली दाबतो, आणि गाण्याला दम लागल्यासारखं वाटतं. मैफलीला एकच ठोक वाढ, बस्स.

सगळ्या फायली एकदम

शेलच्या फॉर-लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइलवर तीच आज्ञा चालवणाऱ्या रचनेत, फाइलच्या नावाभोवती दुहेरी अवतरणं हवीतच, कारण ‘दुसऱ्या दिवशी सकाळचं सत्र.वेव्ह’ हे शेलला चार वेगळे शब्द दिसतात. यादी व्हाइल-रीडने वाचत असाल तर प्रत्येक एफएफएमपेगला ‘-नोएसटीडीइन’ द्या. नाहीतर एफएफएमपेग ती यादीच कीबोर्डवरून आलेली समजून गिळतं, आणि लूप अधेमधे नावं खाऊन पुढे जातो. रेकॉर्डरने ‘वेव्ह’ हे एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत लिहिलं असेल तर लहान अक्षरांचा शोध त्याला सापडत नाही. बॅशमध्ये ‘नोकेसग्लोब’ चालू करा.

स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. पाइपचा निकाल एरवी फक्त शेवटच्या आज्ञेवरून ठरतो. पहिलं एफएफएमपेग अर्ध्यात मेलं तरी शेवटचं अर्धी एमपीथ्री नीट बांधून ‘झालं’ म्हणतं. शिवाय आपल्याकडे गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार, आहे. वीज गेली की अर्धवट फाइल पूर्ण नावाने बसून राहते आणि पुढच्या वेळी स्क्रिप्ट तिला झालेली समजून वगळते. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, यशस्वी झाल्यावरच नाव बदला. तात्पुरतं नाव ‘अर्धं-प्रत.एमपीथ्री’ असं, खूण पुढे लावून ठेवा. खूण मागे लावली तर एफएफएमपेगला एक्स्टेन्शनवरून फॉरमॅट कळत नाही आणि ते सुरूच होत नाही.

आता देवनागरी नावांची पथ्यं. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत जाऊ शकतं आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांचं. म्हणजे ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. वक्ता, विषय, पुष्प कितवं, अध्यक्ष कोण, हे सगळं नावात कोंबायची हौस इथे संपते. तारीख आणि वक्ता पुरे. दुसरं, ‘ऱ’. तो एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’ला खाली नुक्ता देऊनही. जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेल्या नावांत दुसरा प्रकार असतो. स्क्रीनवर दोन्ही नावं एकसारखी, पण स्क्रिप्टच्या लेखी वेगळी. ‘दुसऱ्या’, ‘वारकऱ्यांचे’ अशा नावांची चित्रं तयार असूनही पानावर दिसत नसतील तर आधी इथे शोधा. ‘कॉन्व्हएमव्ही’ हे छोटं साधन सगळी नावं एका पद्धतीत आणतं.

एमपीथ्रीचं एनकोडिंग एका वेळी एकच कोअर वापरतं, तेव्हा ‘एक्सआर्ग्स -० -पी ४’ने (यातला ‘पी’ मात्र मोठ्या अक्षरात) चार फायली समांतर चालवल्या तर वेळ चांगलाच वाचतो. हे अंतर्गत एसएसडीवर. यूएसबीवरच्या फिरत्या डिस्कवर चार जण एकदम वाचायला लागले की तिची सुई इकडून तिकडे धावत राहते आणि काम उलट रेंगाळतं. तिथे दोनच्या वर जाऊ नका, किंवा आधी फायली आत उतरवून घ्या.

मूळ वेव्ह पुसायच्या असतील तर फ्लॅकशी पडताळून मगच:

एफएफएमपेग -व्ही एरर -आय मूळ.वेव्ह -सी:ए पीसीएम_एस२४एलई -एफ एमडी५ -

हीच आज्ञा मूळ.फ्लॅकवर चालवा. दोन्हीकडची लांबलचक अक्षरमाळ तंतोतंत जुळली तर आवाज तोच आहे. ‘-सी:ए’चा तुकडा गाळू नका, तो नसेल तर एफएफएमपेग १६ बिटांवर आणून मोजतं, आणि २४-बिट मूळाचे खालचे आठ बिट तपासलेच जात नाहीत.